तीन-चार दिवसांच्या रेंज ट्रेकसाठी सॅक कशी निवडायची: आधी पाणी मोजा, मग लिटर

एका दिवसाचा ट्रेक कुठल्याही बॅगेवर निभावतो. कॉलेजची बॅग, ऑफिसची लॅपटॉपची बॅग, काहीही चालतं. खरा प्रश्न मुक्काम वाढले की, म्हणजे रेंज ट्रेकला (डोंगररांगेतून एका गडावरून दुसऱ्यावर सलग चालत जाणं) सुरू होतो. राजगड-तोरणा-रायगड करायचंय, किंवा रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पाचनई करत हरिश्चंद्रगड गाठायचाय, आणि तंबू, शिधा, पाणी सगळं स्वतःच्याच पाठीवर आहे. अशा वेळी सॅक चुकीची असली तर कडे, खिंडी, सूर्यास्त यांतलं काहीच लक्षात राहत नाही. फक्त खांदे लक्षात राहतात.

पावसाळा सरत आला की आमच्या ग्रुपमध्ये नवी मंडळी येतात आणि पहिला प्रश्न हाच विचारतात, "कुठली सॅक घेऊ?" सोबत मोबाइलवर पाच-सहा लिंक तयार असतात. लिंक बघून उत्तर देता येत नाही, कारण उत्तर तुमच्या पाठीवर, तुमच्या सामानावर आणि तुम्ही कुठल्या महिन्यात कुठे जाणार यावर आहे. शिवाय इंटरनेटवरचा बराचसा सल्ला बर्फातल्या भटकंतीचा असतो. सह्याद्रीत सॅकची परीक्षा पाणी, घाम आणि पाऊस घेतात. खालचं सगळं त्याच हिशोबानं लिहिलंय.

सुरुवात करण्याआधी जवळ काय हवं

- शिंप्याची मापाची टेप, आणि टेप धरायला घरातलं कुणीतरी
- बॅग लटकवून वजन करायचा छोटा काटा (प्रवासी सामानासाठी मिळतो तो)
- ट्रेकला नेणार ते सगळं सामान, किंवा जे अजून घेतलेलं नाही त्याच्या वजनाचा अंदाज
- १०-१२ किलो तांदूळ किंवा गहू, पुड्या बांधून
- दुकानात जाताना: ट्रेकचे बूट आणि ट्रेकलाच घालता तो टीशर्ट
- खरेदीनंतर: बिल आणि वॉरंटीचं कार्ड. दोन्हीचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात

१. आधी ट्रेक ठरवा

"सगळ्याला चालेल अशी एकच सॅक" मागायचा मोह सगळ्यांनाच होतो. ते बऱ्याच अंशी शक्यही आहे, पण तुमचे ट्रेक प्रामुख्यानं कधी होणार हे स्वतःशी स्पष्ट हवं.

जुलै ते सप्टेंबर पाणी जागोजागी मिळतं. पाठीवर लिटर-दीड लिटर पुरतं. पण कपडे ओले, तंबू ओला, दोर असेल तर तोही ओला, आणि ओलं सामान कोरड्यापेक्षा बरंच जड. ऑक्टोबर ते जानेवारी हा रेंज ट्रेकचा खरा हंगाम. थंडी असते म्हणून स्लीपिंग बॅग वाढते, पण गडावरची कातळात खोदलेली पाण्याची टाकी भरलेली असतात. फेब्रुवारी उलटला की गणित बदलतं. गडावरच्या ज्या टाक्यात डिसेंबरात हात बुडवून बाटली भरता येते, तिथं मार्चअखेरीस तळाला हिरवट थर आणि वर बेडूक. टाकं नकाशावर आहे म्हणून पाणी आहे असं नसतं. मग दोन गावांमधल्या लांब टप्प्यासाठी माणशी चार-पाच लिटर घेऊन चालावं लागतं. एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणजे सकाळी निघताना पाठीवरचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसतं पाणीच असू शकतं.

वाटेचाही विचार करा. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे जाणारी वाट लांब आहे, चिखलाची आहे, पण रुंद आहे. तिथे थोडी फुगीर सॅकही चालून जाते. मोहरीहून बोराट्याची नाळ उतरताना मोठमोठ्या धोंड्यांवरून पाठ टेकवत, बसत, घसरत जावं लागतं. खांडसहून शिडी घाटानं भीमाशंकर चढताना, किंवा रतनगडाच्या शिड्यांवर, सॅकच्या बाजूला लटकणारी प्रत्येक वस्तू कुठेतरी अडकते. अशा वाटा तुमच्या यादीत असतील तर अंगाला चिकटून बसणारी, उभट आणि अरुंद सॅक घ्या. रुंदी ही सॅकची सर्वात कमी विचारात घेतली जाणारी बाजू आहे. कारवीच्या रानातून दीड फुटी वाटेनं जाताना ती कळते.

२. सामान जमिनीवर मांडा, तोला, मग लिटर ठरवा

लोक आधी ७० लिटरची सॅक घेतात आणि मग ती भरतात. सॅकमध्ये जागा उरली की घरातून वस्तू आपोआप येऊन बसतात: जादा जीन्स, स्टीलचा डबा, "असू दे" म्हणून घेतलेली चादर. म्हणून उलट करा.

जानेवारीतल्या तीन मुक्कामांचा एक सर्वसाधारण हिशोब देतो. तंबू आणि स्वयंपाकाचं सामान दोघा-तिघांत वाटून घेतलंय असं धरलंय.

- रिकामी सॅक: १.८ किलो
- स्लीपिंग बॅग: १.३
- कॅरीमॅट: ०.४
- तंबूतला आपला वाटा: १.३
- कपडे, जॅकेट, जादा मोजे: १.५
- शिधा (डाळ-तांदूळ, पोहे, मॅगी, चिक्की, खजूर): २.०
- शेगडी, गॅस, भांडी यांतला वाटा: ०.८
- टॉर्च, प्रथमोपचार, पॉवरबँक, चाकू, पोंचो आणि बारीकसारीक: १.२

झाले १०.३ किलो. त्यात लांब कोरड्या टप्प्यासाठी चार लिटर पाणी घातलं की १४.३. ६० किलो वजनाच्या माणसाला हे जवळजवळ काठावर आहे, कारण शरीराच्या वजनाच्या पाव हिश्श्यापर्यंतच ओझं घ्यावं असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहिलेलं बरं. तुमचं वजन ५० किलो असेल तर ही यादी तशीच्या तशी तुमच्यासाठी नाही. तंबूचा वाटा कुणाला तरी द्या, किंवा गावात, देवळात मुक्काम पडेल असा मार्ग आखा.

एवढं सामान ५० ते ६० लिटरमध्ये नीट बसतं. सह्याद्रीसाठी यापुढे जायची गरज मला क्वचितच दिसली आहे. ४० लिटर म्हणजे एक मुक्काम, किंवा तंबू नसलेले दोन. ७० च्या पुढची सॅक ग्रुपचा दोर आणि मोठी पातेली वाहणाऱ्या लीडरला लागते. पहिली सॅक म्हणून ती घेऊ नका. "५०+१०" असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ झाकण वर उचलून आणखी दहा लिटर भरता येतं. पहिल्या दिवशी शिधा भरपूर असतो, शेवटच्या दिवशी नसतो, त्यामुळे ही सोय कामाची आहे. मात्र झाकण उचललं की वजन डोक्यामागे उंच जातं, आणि आडव्या वाटेवर तोल सांभाळावा लागतो. तिथं स्लीपिंग बॅगसारखं हलकंच सामान ठेवा.

३. पाठीची लांबी मोजा

इथे घाई नको. सॅकचा साइज तुमच्या उंचीवर नसतो, पाठीच्या लांबीवर असतो. पावणेसहा फुटांच्या दोन माणसांच्या पाठी चार-पाच सेंटिमीटरनं वेगळ्या निघू शकतात.

मान खाली घाला. मानेच्या तळाशी, खांद्यांच्या रेषेत जो सगळ्यात ठळक मणका हाताला लागतो, तिथून टेप सुरू. आता दोन्ही हात कमरेवर ठेवा, बोटं पुढे, अंगठे मागे, आणि हाताखाली कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा. ही कड पॅंटच्या पट्ट्याच्या बरीच वर असते. बहुतेक जण तिथेच चुकतात. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेषा पाठीच्या कण्याला जिथं छेदते, तिथं टेप संपते. मोजताना ताठ उभे राहा आणि टेप पाठीच्या बाकाला धरून सोडा, हवेत ताणू नका.

बहुतेक मोठ्या माणसांचं माप ४० ते ५२ सेंटिमीटरच्या दरम्यान येतं. ते कागदावर लिहा आणि सॅकच्या मापांच्या तक्त्याशी जुळवा. काही सॅकांची पाठ सरकवून कमी-जास्त करता येते, म्हणजे खांद्याचे पट्टे वेल्क्रोवर किंवा पट्टीवर वरखाली होतात. पहिल्या सॅकसाठी अशीच घ्यावी. धाकट्या भावाला, मैत्रिणीला वापरायला देता येते, हाही फायदा.

महिलांसाठीच्या वेगळ्या सॅका येतात. रंग बदललाय एवढंच असेल असं समजून त्या बाजूला टाकू नका. खांद्याचे पट्टे जवळजवळ आणि जास्त वळणाचे असतात, पाठ आखूड असते, कमरेचा पट्टा वेगळ्या कोनात शिवलेला असतो. अरुंद खांद्यांच्या पुरुषांनाही त्या कधीकधी छान बसतात.

४. कमरेचा पट्टा: ओझं इथं बसतं

सॅकचं बहुतांश वजन कमरेच्या हाडांवर यायला हवं. खांद्याचे पट्टे सॅक पाठीला धरून ठेवायला असतात. म्हणून दुकानात हात आधी कमरेच्या पट्ट्याकडे जाऊ द्या. नुसती नायलॉनची पट्टी असेल, तर ती सॅक कितीही लिटरची असो, मुक्कामी ट्रेकची नाही. पट्ट्याला रुंद, दाबलं तरी लगेच न बसणारा फोम हवा. अंगठ्यानं दाबून बघा: स्पंजसारखा पूर्ण दबला, तर दोन हंगामांत त्याची पोळी होणार. फोम कमरेच्या हाडांवरून पुढे आला पाहिजे, आणि पट्टा आवळल्यावर दोन्ही बाजूंच्या फोममध्ये चार बोटं तरी अंतर उरलं पाहिजे. ट्रेक सुरू झाल्यावर माणूस बारीक होतो. अंतरच नसेल तर आवळायला जागा राहत नाही.

सॅक अंगावर बसवायचा एक क्रम आहे. तो पाठ करा, कारण दिवसातून दहादा करायचाय:

सगळे पट्टे सैल करा. सॅक गुडघ्यावर घ्या, एक हात पट्ट्यात घालून पाठीवर वळवा. थोडं पुढे वाकून सॅक वर उडवा आणि त्याच क्षणी कमरेचा पट्टा हाडाच्या कडेवर बसवून आवळा. आता सरळ उभे राहा. खांद्याचे पट्टे ओढा, पण कमरेवरचं वजन उचललं जाईल इतके नाही. मग खांद्याच्या वरच्या छोट्या पट्ट्या, ज्या सॅकच्या माथ्याकडे जातात, त्या हलक्या हातानं ओढा. त्या साधारण ४५ अंशात तिरक्या दिसायला हव्यात. आडव्या किंवा खाली झुकलेल्या दिसल्या तर पाठीचं माप तुम्हाला लहान पडतंय. शेवटी छातीचा पट्टा, श्वास भरून घेता येईल इतपतच.

चढावर वरच्या पट्ट्या थोड्या सैल सोडा, उतारावर घट्ट करा. घसाऱ्यावरून उतरताना सॅक मागे झोलली की पाय पुढे सुटतो.

५. पाठ: जाळी की फोम

आपल्याकडे सगळ्यात जास्त घाम पाठीला येतो आणि दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो जाळीची पाठ दाखवतो: ताणलेली जाळी आणि मागं वक्र फ्रेम, मधून वारा खेळतो. एप्रिलमध्ये ही सॅक सुखाची वाटते, यात शंका नाही.

पण त्या मोकळ्या जागेमुळे ओझं पाठीपासून काही सेंटिमीटर मागं जातं. सपाटीवर कळत नाही. कातळटप्प्यावर, जिथं छाती खडकाला लावून वर जायचं असतं, तिथं सॅक मागं ओढते. शिवाय वक्र फ्रेममुळे आतली पोकळी केळ्यासारखी होते, आणि त्यात सामान भरणं वैतागाचं काम. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या: गडवाटा, पठारं, जंगल अशा चालायच्या ट्रेकसाठी जाळी. नळीची वाट, अलंग-मदन-कुलंगसारख्या चढाईच्या जागांसाठी अंगाला चिकटणारी फोमची पाठ, मधून हवेची पन्हाळी असलेली. दोन्ही करत असाल तर फोम. घाम वाळतो, तोल गेलेला परत येत नाही.

आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा तारेची फ्रेम आहे ना, हे चाचपून बघा. १२ किलोच्या वर फ्रेमशिवायची सॅक पोत्यासारखी खांद्यावर लोंबते.

६. पाऊस: रेनकव्हरवर विसंबू नका

जवळजवळ प्रत्येक सॅकच्या तळाशी रेनकव्हर येतं आणि नवीन माणूस निश्चिंत होतो. कव्हर पुढून-वरून झाकतं. पाठीची बाजू उघडीच असते. सह्याद्रीतला पाऊस वरून पडत नाही, खालून, बाजूनं, ढगातून, कुठूनही येतो. मानेवरून पाठीवर ओघळतो आणि फोममधून सॅकच्या तळाशी जमतो. कव्हरच्या खोळीत तेच पाणी साचून राहतं. माचीवर वारा सुटला की कव्हरचं शीड होतं ते वेगळंच.

उपाय स्वस्त आहे. सॅकच्या आत पूर्ण मावेल अशी एक जाड पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घाला, गोण्यांच्या आत अस्तर म्हणून असते तशी. पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात नवीच मिळते. (खताच्या गोणीतली धुऊन वापरू नका. शिधा त्यातच जाणार आहे.) सामान त्यात भरायचं, हवा काढायची, तोंड पिळून दुमडायचं. स्लीपिंग बॅग आणि कोरडा कपड्यांचा जोड आणखी एका पिशवीत. एवढं केलं की रेनकव्हर काट्याकुट्यांपासून बचाव म्हणून वापरा.

दुकानात "वॉटरप्रूफ" ऐकलं की एकच बघा: सॅक उलटी करून शिवणी. कापडाला आतून लेप असतो, पण शिवणीला सुईची भोकं असतात. त्यावर टेप नसेल तर पाणी तिथून येणार.

७. कापड, शिवण, बकलं, चेन

कापडावर डेनियरचा (धाग्याच्या जाडीच्या मापाचा) आकडा असतो. तळाला ४०० च्या वर असलेलं बरं, कारण सॅक कातळावर आपटली, घासली जाते ती तळालाच. वरच्या भागाला २०० च्या आसपासचं रिपस्टॉप नायलॉन चालतं, म्हणजे बारीक चौकटी विणलेलं; फाटलं तर फाट पुढं पळत नाही.

मग ही जागा नीट बघा: खांद्याचा पट्टा सॅकच्या माथ्याला जिथं जोडलाय ती. सगळं ओझं उचलताना इथंच झटका बसतो. शिवण एकेरी सरळ टीप असेल तर ठेवून द्या. दाट, आडवी-उभी, ठिपक्यासारखी पक्की टीप किंवा चौकोनात फुली मारलेली टीप हवी. पट्टा ओढून धरा आणि उजेडाकडे बघा. टाक्यांमधून उजेड दिसला, भोकं ताणलेली दिसली, तर दुसऱ्या ट्रेकला ती उसवते. कुठल्याही नावाच्या सॅकमध्ये एखादा नग असा निघू शकतो, म्हणून घेणार तोच नग तपासा, शोकेसमधला नाही.

बकलं दोन-चारदा उघडून-लावून बघा आणि कमरेच्या पट्ट्याचं एक जादा बकल विकत घेऊन ठेवा. ट्रेकवर सॅकवर कुणीतरी बसतंच, आणि मोडतं ते हेच. दुरुस्तीसाठी जाड सुई, मेणाचा दोरा, दोन सेफ्टीपिना झाकणाच्या खिशात कायमच्या. शहरात परतल्यावर बॅगवाल्यापेक्षा चांगला मोची जास्त पक्का टाका घालतो, हा अनुभव.

८. खिसे कमी, पोच जास्त

बाजूचे बाटलीचे खिसे सॅक न उतरवता हाताला लागले पाहिजेत, आणि एक लिटरची बाटली त्यात खोल बसली पाहिजे. उथळ जाळीतली बाटली वाकल्यावर घरंगळते; दरीत गेलेल्या बाटलीबरोबर एक लिटर पाणीही जातं, आणि मार्चमध्ये ते फार महाग पडतं. नळीच्या पाण्याच्या पिशवीसाठी आत जागा असते, ती जरूर वापरा, पण सगळं पाणी तिच्यातच भरू नका. ती फुटली तर पाणीही गेलं आणि सामानही भिजलं.

तळाला वेगळी चेन असलेली सॅक सोयीची. मुक्कामाला पोचल्यावर सगळी उपसावी लागत नाही. बाकी बाहेरचे दहा खिसे, लूप, दोऱ्या बघून हुरळून जाऊ नका. बाहेर लटकवलेलं मॅट कारवीत अडकतं, चहाचा मग आणि पातेलं अख्खा दिवस वाजत राहतं. शिवाय माकडं. गडावरच्या माकडांना बाहेरच्या खिशातली चेन उघडता येते, आणि आली नाही तर ती कापड फाडतात. रात्री देवळात किंवा गुहेत झोपलात तर उंदीर. खाऊचा वास असलेली सॅक जमिनीवर ठेवू नका, खुंटीला किंवा दोरीला टांगा. नव्या सॅकला पडलेलं पहिलं भोक बहुधा उंदराचंच असतं.

९. शिकाऱ्यांच्या सॅका आणि आर्मी प्रिंट

यूट्यूबवर अमेरिकेतल्या डोंगरांत आठ-आठ दिवस फिरणाऱ्या शिकाऱ्यांच्या सॅकांचे व्हिडिओ आहेत. बघायला भारी वाटतात आणि नव्या मुलांना त्यांचंच वेड लागतं. त्या सॅका वेगळ्याच कामासाठी बनलेल्या आहेत. तिकडं एल्कसारख्या मोठ्या हरणाची शिकार झाली की त्याचं मांस तुकड्यातुकड्यांनी पाठीवरून खाली आणावं लागतं. एका खेपेला ३०-४० किलो. म्हणून फ्रेम आणि पिशवी सुटी होते, आणि मधल्या फटीत मांसाचं ओझं फ्रेमला लगटून बांधता येतं. एवढी ताकद असलेली सॅक रिकामीच अडीच-तीन किलोंची. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे, आणि १४ किलोसाठी ४० किलोची फ्रेम वाहण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडून घ्यायचं तर एक घ्या: ते सॅक नेहमी वजन भरून तपासतात.

आर्मी प्रिंटची सॅकही टाळा. अभयारण्याच्या चौकीवर आणि गावात नको ती चौकशी होते, आणि धुक्यात मागं राहिलेला भिडू दिसत नाही. नारंगी, लाल, पिवळा उत्तम.

१०. दुकानात आणि ऑनलाइन

किमतीचा साधारण अंदाज: देशी कंपन्यांच्या आणि मोठ्या स्पोर्ट्स दुकानांच्या स्वतःच्या ब्रँडच्या चांगल्या ५०-६० लिटर सॅका तीन ते सात हजारांत येतात. ऑस्प्रे, डॉयटरसारख्या परदेशी सॅका त्याच्या दुपटी-तिपटीच्या पुढे. पैसे असतील तर त्या वाईट नाहीतच, पण माप चुकलेल्या वीस हजारांच्या सॅकपेक्षा मापाची पाच हजारांची केव्हाही बरी. हजार-बाराशेला मिळणारी "७५ लिटर" सॅक गावाला जायला ठीक. तिच्या लिटरवर आणि शिवणीवर माझा विश्वास नाही.

दुकानात बूट घालून जा. रिकामी सॅक सगळ्यांनाच बसते, म्हणून वजन मागा. काही दुकानांत वाळूच्या उशा असतात. नसतील तर तंबू, बाटल्या, जे असेल ते भरा. १०-१२ किलो घालून वीस मिनिटं दुकानातच फिरा, जिना असेल तर चढा-उतरा. विक्रेता कंटाळला तर कंटाळू दे. मान वर करून बघा: डोकं झाकणाला अडतंय का? हेल्मेट घालून चढणार असाल तर हे फार महत्त्वाचं. गुडघा छातीपर्यंत उचला: कमरेचा पट्टा मांडीला रुततोय का? कानाखाली, खांद्याच्या टोकाला मुंग्या येतायत का?

ऑनलाइन घेणार असाल तर परतीची मुदत आधी वाचा, लेबल कापू नका, आणि घरात स्वच्छ तांदूळ भरून सलग दोन संध्याकाळी बिल्डिंगचे जिने चढा. परत करायची ती याच दोन दिवसांत कळते.

आणि घाई नसेल तर आधी भाड्यानं किंवा मित्राची उसनी घ्या. बऱ्याच ट्रेकिंग क्लबांकडे सॅक मिळते. उसन्या सॅकवर एक ट्रेक केला की आपल्याला नक्की काय नकोय ते कळतं. हिमालयात जायचंय म्हणून नवी मोठी सॅक घ्यायचीही गरज नसते: युथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या हिमालयातल्या ट्रेकांना बेस कॅम्पवर सहसा सॅक मिळते, आणि इतर बऱ्याच ठिकाणी मोठं सामान खेचरावर जातं. तुमची ६० लिटरची सॅक तिथं आरामात पुरते.

११. भरायची कशी

तळाला स्लीपिंग बॅग. मध्ये, पाठीला अगदी लागून, सगळ्यात जड वस्तू: पाणी, शिधा, गॅस. त्यांच्या बाहेरच्या बाजूला कपडे कोंबा, म्हणजे जड सामान हलत नाही. वर जेवण, जॅकेट. झाकणात टॉर्च, प्रथमोपचार, ओळखपत्र. तंबू उभा करून एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन. भरून झाली की जमिनीवर उभी करा. कुठल्याही बाजूला कलली तर पुन्हा उपसा. दहा मिनिटं जातील, पण एकाच खांद्यावर दिवस काढण्यापेक्षा बरं. गॅसची नळकांडी एसटीत आणि रेल्वेत नेता येत नाहीत, ती पायथ्याकडच्या गावात कुठे मिळतील ते आधीच विचारून ठेवा, नाहीतर चुलीची सोय असलेलं घर बघा.

पहिल्या मोठ्या ट्रेकच्या महिनाभर आधीपासून भरलेली सॅक घेऊन चढा. पुणेकरांना आतकरवाडीतून सिंहगड आहे, नाशिककरांना पांडवलेणी, मुंबईकरांना निदान बारा मजल्यांचा जिना. पहिल्या आठवड्यात ६ किलो, मग दर आठवड्याला दोन वाढवा. पाण्याच्या बाटल्यांनीच वजन करा. दम लागला तर ओतून टाकता येतं.

परत आल्यावर सॅक तशीच माळ्यावर फेकू नका. रिकामी करून उलटी झटका, गोचीड आणि कुसळं शिवणीत लपतात. मशिनमध्ये धुऊ नका. बादलीत साधा साबण, मऊ ब्रश, आणि सावलीत वाळवा, कारण उन्हानं नायलॉन कमजोर होतं. ओलसर सॅक घडी घालून ठेवली तर आतला लेप चिकट होऊन पापुद्र्यांसारखा निघू लागतो, त्यावर पुढं इलाज नाही. पावसाळ्यानंतर दोन दिवस पंख्याखाली ठेवा आणि मगच टांगा.